कॉन्फरन्स लीग : युरोपच्या तिसऱ्या स्पर्धेची पारख

आधी निकाल सांगतो, मग कारणं. युरोपीय फुटबॉलची शिखर संस्था युएफा हिची कॉन्फरन्स लीग ही क्लबांची स्पर्धा जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत पाहावी. फेब्रुवारीनंतर ती इतर कुठल्याही बाद फेरीसारखी होते. चांगली असते, पण वेगळी राहत नाही. तिचं खरं मोल ज्यांना ती कधीच जिंकता येणार नाही अशा क्लबांना आहे, आणि २०२४ मध्ये तिची रचना बदलल्यापासून हे मोल वाढलं आहे. काही दोष अजून तसेच आहेत. त्यातला एक तर अगदी मैदानावरच्या दिव्यांपर्यंत पोहोचतो.

नवी खंडीय स्पर्धा काढण्याचा निर्णय युएफाने डिसेंबर २०१८ मध्ये घेतला आणि पहिला हंगाम २०२१-२२ चा झाला. १९९९ मध्ये देशोदेशीच्या कप विजेत्यांची कप विनर्स कप ही स्पर्धा बंद झाली, २००८ मध्ये उन्हाळी इंटरटोटो संपली, आणि युरोपात दोनच स्पर्धा उरल्या. वरच्या चॅम्पियन्स लीगमध्ये श्रीमंत देशांचे क्लब दाटीवाटीने बसलेले, खालच्या युरोपा लीगमध्ये उरलेले सगळे. नव्या मांडणीत युरोपा लीग ४८ संघांवरून ३२ वर आणली आणि तिच्याखाली ३२ संघांची तिसरी पायरी बांधली. म्हणजे मुख्य टप्प्यात खेळणारे क्लब ८० वरून ९६ झाले. २०२४ पासून तिन्ही स्पर्धांत प्रत्येकी ३६ संघ आहेत, एकूण १०८. हे वाढीव क्लब कुठून आले ते पाहिलं की स्पर्धेचा हेतू कळतो. लिंकन रेड इम्प्सच्या रूपाने जिब्राल्टर पहिल्यांदा गटटप्प्यात आलं, बाल्कानीच्या रूपाने कोसोव्हो, क्लाक्सविकच्या रूपाने फेरो बेटं, ब्रेइदाब्लिकच्या रूपाने आइसलंड, पुढे द न्यू सेंट्सच्या रूपाने वेल्स आणि लार्नच्या रूपाने उत्तर आयर्लंड. यातल्या काही देशांत अव्वल फळीतले बरेच खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करतात.

पहिल्या तीन हंगामांची रचना मात्र मनाला पटणारी नव्हती. आठ गट, प्रत्येकी चार संघ. गटविजेता थेट उपउपांत्यपूर्व फेरीत. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला मधली एक जादा फेरी, आणि तिथे समोर कोण? युरोपा लीगच्या गटात तिसरा आलेला संघ. सहा सामने खेळून, दोनदा बर्फात जाऊन, एखाद्या छोट्या क्लबने दुसरा क्रमांक मिळवावा आणि फेब्रुवारीत वरच्या मजल्यावरून घसरलेला बलाढ्य क्लब पुढ्यात यावा, असा हा प्रकार. २०२१-२२ मध्ये लेस्टर सिटी आणि मार्सेय असेच वरून आले आणि दोघेही उपांत्य फेरीत पोहोचले. २०२३-२४ मध्ये तर ऑलिंपियाकोसने स्पर्धाच जिंकली, आणि त्या क्लबने या स्पर्धेच्या गटटप्प्यात एकही सामना खेळलेला नव्हता. त्यांच्या खेळाला यात कमीपणा नाही. उपउपांत्यपूर्व फेरीत मकाबी तेल अवीवकडून घरी १-४ असा मार खाऊन परतीच्या सामन्यात ६-१ ने जिंकणं, उपांत्य फेरीत ॲस्टन व्हिलाला बर्मिंगहॅममध्ये चार गोल मारणं, आणि अयूब अल काबीने केवळ बाद फेऱ्यांत ११ गोल करणं, हे सगळं अस्सल होतं. ग्रीक क्लबाचा तो पहिला युरोपीय करंडक. पण ज्या स्पर्धेचा विजेता तिच्या पहिल्या अर्ध्या भागात नसतोच, त्या अर्ध्या भागाला अर्थ काय उरतो? २०२४ पासून ही वाट बंद झाली. लीग टप्पा (गटांऐवजी आता सगळ्या संघांचा एकच तक्ता) सुरू झाला की वरून कोणी खाली येत नाही. संपूर्ण फेररचनेतली सर्वांत चांगली दुरुस्ती हीच.

शिडी कशी चढायची

या स्पर्धेच्या लीग टप्प्यात थेट प्रवेश कोणालाच नाही. हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. ३६ जागांपैकी २४ जागा स्पर्धेच्या स्वतःच्या शेवटच्या पात्रता फेरीतून भरतात आणि १२ जागा युरोपा लीगच्या शेवटच्या पात्रता फेरीत हरलेल्यांना जातात. त्यामुळे चेल्सीलाही ऑगस्ट २०२४ मध्ये सर्व्हेतशी दोन सामने खेळून (२-० आणि १-२) आत यावं लागलं, आणि पुढच्या वर्षी क्रिस्टल पॅलेसला फ्रेड्रिकस्टाडशी. पॅलेस मूळचे युरोपा लीगचे पात्र. मालकीचे धागे फ्रान्सच्या ल्यों क्लबाशी जुळलेले निघाले, एकाच मालकाचे दोन क्लब एका स्पर्धेत नकोत हा नियम आडवा आला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये क्रीडा लवादानेही त्यांचं अपील फेटाळलं.

पात्रतेचे दोन रस्ते आहेत. एक विजेत्यांचा रस्ता. आपापल्या देशाची लीग जिंकून चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत उतरलेले आणि तिथे हरलेले क्लब या रस्त्याने येतात. दुसरा मुख्य रस्ता, म्हणजे कप जिंकलेले किंवा लीगमध्ये वरच्या क्रमांकावर आलेले इतर क्लब. विजेत्यांच्या रस्त्याला २४ पैकी ५ जागा राखून ठेवलेल्या आहेत. छोट्या देशाच्या विजेत्याने मोठ्या देशाच्या सहाव्या क्रमांकाशी झगडू नये यासाठी ही तजवीज आहे. संपूर्ण यंत्रणेतला हा भाग सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो.

हरलेल्याला पुन्हा संधी कशी मिळते याचं उत्तम उदाहरण म्हणजे २०२३ चा क्लाक्सविक. चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या पात्रता फेरीत त्यांनी फेरेन्त्सवारोशला बुडापेस्टमध्ये ३-० ने हरवलं, दुसऱ्या फेरीत हेकेनला पेनल्टींवर. तिसऱ्या फेरीत मोल्डेने जादा वेळेत बाहेर काढलं. मग युरोपा लीगची शेवटची पात्रता फेरी, तिथे शेरीफकडून हार. आणि या दोन पराभवांनंतर ते कॉन्फरन्स लीगच्या गटात होते, लीलसारख्या फ्रेंच क्लबाच्या शेजारी. लीलला त्यांनी घरी ०-० वर रोखलं आणि ओलिंपिया ल्युब्लियानाला ३-० ने हरवलं. वरच्या फेरीत एक-दोन विजय मिळवले की खालची जागा पक्की होते, हे गणित छोट्या क्लबांचे व्यवस्थापक आता नीट शिकले आहेत. जुलैच्या पहिल्या दोन फेऱ्यांत संघ पूर्ण ताकदीने उतरवायचा, मग सांघिक थकवा पुढचं पुढे.

थकव्याचा हिशेबही मांडायला हवा. पहिल्या पात्रता फेरीपासून सुरुवात करणारा क्लब लीग टप्प्याआधीच आठ सामने खेळतो. त्यात सहा मिळवा, नाताळापर्यंत चौदा. मधली बाद फेरी खेळून अंतिम सामन्यापर्यंत गेला तर एकूण तेवीस. हे सगळं देशातली लीग आणि कप सांभाळून.

सहा सामने, ३६ संघ, एक तक्ता

सोडतीत सहा भांडी असतात, प्रत्येकात सहा संघ. प्रत्येक संघाला प्रत्येक भांड्यातला एक प्रतिस्पर्धी मिळतो, स्वतःच्या भांड्यातलाही. तीन सामने घरी, तीन बाहेर, परतीची लढत नाही. आपल्याच देशाच्या क्लबाशी गाठ पडत नाही. सगळ्यांचे गुण एकाच तक्त्यात. पहिले आठ थेट उपउपांत्यपूर्व फेरीत, ९ ते २४ मधल्या बाद फेरीत, २५ ते ३६ घरी. मधल्या फेरीत ९ ते १६ हे मानांकित, त्यांना दुसरा सामना घरी.

ही रचना चॅम्पियन्स आणि युरोपा लीगच्या आठ सामन्यांपेक्षा दोन सामन्यांनी तोकडी आहे. या दोन सामन्यांचा फरक कागदावर दिसतो त्याहून फार मोठा पडतो. सहा सामन्यांत जास्तीत जास्त १८ गुण आणि संघ ३६, त्यामुळे तक्त्यात समान गुणांचे गठ्ठेच्या गठ्ठे होतात. २०२४-२५ मध्ये सर्कल ब्रुज, यागिएलोनिया आणि शॅमरॉक रोव्हर्स या तिघांचेही ११ गुण झाले. सर्कल ब्रुज आठवे आले आणि फेब्रुवारीत आराम करत बसले, उरलेल्या दोघांना आणखी दोन सामने. खालच्या टोकाला सात गुणांवर बाच्का टोपोला चोविसावे आणि आत, त्याच सात गुणांवर हार्ट्स पंचविसावे आणि बाहेर. हार्ट्सनी शेवटच्या संध्याकाळी स्वतःच्या मैदानावर पेट्रोकुबशी २-२ बरोबरी केली होती. एक गोल जास्त झाला असता तर फेब्रुवारीतही ते युरोपात असते.

समान गुण झाले की क्रम असा लागतो : आधी गोलफरक, मग केलेले गोल, मग परक्या मैदानावर केलेले गोल, मग विजयांची संख्या, मग बाहेरचे विजय. आपसातला निकाल मोजत नाहीत, कारण बहुतेक संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात. यातून प्रशिक्षकांनी घ्यायचा धडा साधा आहे, तरीही पहिल्या हंगामात अनेकांना तो जमला नाही. २-० ने पुढे असताना पाय मागे घ्यायचे नाहीत आणि ०-३ ने मागे असताना चौथा गोल खायचा नाही. जुन्या गटरचनेत ०-३ आणि ०-५ यांत फारसा फरक पडत नसे. इथे पडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेल्सीने आर्मेनियाच्या नोआला ८-० ने हरवलं. अशा एका रात्रीनंतर उरलेले सगळे सामने ०-१ ने हरले तरी गोलफरक शून्यावर यायचा नाही.

सोडतीतला नशिबाचा भागही मान्य करायला हवा. भांडी क्लबांच्या गेल्या पाच हंगामांच्या कामगिरीवर ठरतात, म्हणून नव्याने वर आलेला इंग्लिश किंवा जर्मन क्लब खालच्या भांड्यात बसू शकतो. मग एखाद्याच्या वाट्याला पाचव्या भांड्यातून दमदार क्लब येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला त्याच भांड्यातून नवखा. आठ सामन्यांत हे थोडं तरी भरून निघतं, सहांत नाही. आमच्या मते सामने आठ करण्याऐवजी थेट उपउपांत्यपूर्व फेरीत जाणाऱ्या जागा आठवरून चारवर आणाव्यात. छोट्या क्लबांना डिसेंबरनंतर सामने हवेच असतात, आणि जानेवारीत या स्पर्धेचं मैदान रिकामं असतं हेच बरं आहे.

रिकामं का, ते मैदानावरच्या दिव्यांकडे गेलं की कळतं.

दिवे, बर्फ आणि उसनी मैदानं

आइसलंडची लीग उन्हाळ्यात खेळली जाते. तिथे उन्हाळ्यात रात्रीही उजेड असतो, त्यामुळे जोरदार प्रकाशझोतांचे मनोरे बांधायची गरज क्लबांना कधी पडली नव्हती. युरोपीय स्पर्धेच्या मुख्य टप्प्यात मात्र प्रक्षेपणाला लागेल इतका प्रकाश हवा, हिरवळ किंवा कृत्रिम मैदान ठरलेल्या दर्जाचं हवं, बसण्याची व्यवस्था हवी. २०२४-२५ मध्ये विकिंगुर रेक्याविकपुढे हाच प्रश्न आला. स्वतःचं मैदान चालेना, म्हणून शेजारच्या कोपावोगुरमधलं घेतलं. तिथले दिवेही पुरेसे नव्हते. मग ऑक्टोबरमध्ये सर्कल ब्रुजविरुद्धचा सामना दुपारी अडीच वाजता ठेवला, कामाच्या दिवशी, गुरुवारी. विकिंगुरने तो ३-१ ने जिंकला, आणि मुख्य टप्प्यात आइसलंडच्या क्लबाचा हा पहिलाच विजय. पुढे ते मधल्या बाद फेरीत पोहोचले. फेब्रुवारीत देशात एकही मैदान चालण्यासारखं नव्हतं, म्हणून पानाथिनायकोसविरुद्धचा ‘घरचा’ सामना त्यांना हेलसिंकीत खेळावा लागला. तोही २-१ ने जिंकला, पण आपल्या लोकांसमोर नाही.

अशी उसनी मैदानं यादीभर सापडतात. द न्यू सेंट्स हा वेल्सच्या लीगमधला क्लब, त्यांनी लीग टप्प्यातले घरचे सामने इंग्लंडमधल्या श्रूजबरीत खेळले. क्लाक्सविकने आपलं गाव सोडून राजधानी तोर्शाव्हनचं राष्ट्रीय मैदान घेतलं. मैदान भाड्याने घेतलं की तिकिटांचं उत्पन्न वाटून जातं, प्रेक्षकांना प्रवास पडतो, आणि संघाला सरावाची ओळखीची जागा मिळत नाही. स्पर्धेतून मिळालेल्या पैशाचा पहिला उपयोग दिवे आणि मैदान यांवर व्हायला हवा. खेळाडू विकत घेण्यात तो गेला तर पुढच्या वर्षी क्लब पुन्हा भाडेकरूच राहतो.

उन्हाळी हंगामाचा दुसरा त्रास सरावाचा. आयर्लंड, नॉर्वे, स्वीडन, फेरो, आइसलंड इथल्या लीग ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपतात. डिसेंबरमधले दोन सामने हंगाम संपल्यावर, आणि फेब्रुवारीतले दोन हंगाम सुरू होण्याआधी. मधल्या काळात करार संपलेले खेळाडू निघून जातात. शॅमरॉक रोव्हर्सनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मोल्डेला त्यांच्या घरी १-० ने हरवलं. गोल करणारा मायकेल नूनन सोळा वर्षांचा होता. परतीच्या सामन्यात ०-१, आणि पेनल्टींवर हार. त्याच वर्षी स्वीडनच्या युर्गोर्डेनने मात्र उपांत्य फेरी गाठून दाखवली, म्हणजे अडचण मोठी असली तरी तिच्यातून वाट निघते. हिवाळ्यात परदेशी सराव शिबिर आणि तीन-चार तगडे मैत्रीपूर्ण सामने, एवढी सोय ज्या क्लबाला परवडते त्याची गोष्ट वेगळी.

लीग टप्पा या स्पर्धेत डिसेंबरमध्येच संपतो. बाकीच्या दोन स्पर्धांचा जानेवारीपर्यंत चालतो. उत्तरेकडच्या क्लबांसाठी हा योग्य निर्णय आहे. त्याची दुसरी बाजू म्हणजे वेळापत्रक इतकं घट्ट की एक सामना पुढे ढकलायला जागा नाही. पहिल्याच हंगामात टॉटनमच्या संघात कोविड पसरला, रेनविरुद्धचा शेवटचा सामना झाला नाही, वर्षअखेरच्या आत दुसरी तारीख सापडली नाही, आणि रेनला ३-० असा विजय बहाल झाला. टॉटनम तिथेच बाहेर.

पैसा

२०२४ ते २०२७ या चक्रात या स्पर्धेची वार्षिक बक्षीस रक्कम २८ कोटी ५० लाख युरो आहे. लीग टप्प्यात पाऊल टाकलं की ३१ लाख ७० हजार युरो. एका विजयाचे ४ लाख, बरोबरीचे १ लाख ३३ हजार. तक्त्यात वर सरकलं की दर स्थानामागे सुमारे २८ हजार जास्त. पहिल्या आठांत आलं तर आणखी ४ लाख, नऊ ते सोळा असलं तर २ लाख. पुढे उपउपांत्यपूर्व फेरीचे ८ लाख, उपांत्यपूर्वचे १३ लाख, उपांत्यचे २५ लाख, अंतिम सामन्याचे ४० लाख आणि जिंकलात तर वर ३० लाख.

आता बेरीज करून पाहा. सहापैकी सहा सामने जिंकून, पहिला क्रमांक पटकावून, शेवटी करंडक उचलणाऱ्या क्लबाला या सगळ्या मार्गांनी सुमारे १ कोटी ८५ लाख ८० हजार युरो मिळतात. प्रक्षेपण आणि जुन्या कामगिरीच्या हिशेबाने वाटला जाणारा भाग यात धरलेला नाही. चॅम्पियन्स लीगच्या लीग टप्प्यात नुसतं हजर राहण्याचे १ कोटी ८६ लाख २० हजार युरो मिळतात. तिसरी स्पर्धा निर्दोषपणे जिंकणारा आणि पहिल्या स्पर्धेत आठही सामने हरणारा, दोघे जवळपास एकाच पायरीवर. युएफा युरोपीय फुटबॉल सर्वांचा असल्याचं म्हणते. पैशांच्या वाटपात ते अजून उतरलेलं नाही, आणि हे आम्ही मोठाच दोष मानतो.

तरीही त्याच ३१ लाख ७० हजारांकडे फेरो बेटांतून किंवा माल्टातून पाहिलं तर चित्र पालटतं. तिथे हा आकडा क्लबाच्या अनेक वर्षांच्या नियोजनाला पुरतो. म्हणून धोकाही तिथेच आहे. एकच क्लब दर वर्षी युरोपात जाऊन एवढी रक्कम आणू लागला की घरची लीग एकतर्फी होते. त्या देशांच्या संघटनांनी या रकमेतला वाटा इतर क्लबांच्या युवा संघांकडे वळवायचा नियम आताच करायला हवा.

क्रमवारीचा फायदा मात्र सगळ्यांसाठी सारखा आहे आणि तो कमी लेखला जातो. देशाच्या गुणांकात (यावरून त्या देशाला युरोपात किती जागा मिळतात ते ठरतं) लीग टप्प्यापासून प्रत्येक विजयाचे दोन गुण, बरोबरीचा एक, मग सामना माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगचा असो की तिराना इथे कॉन्फरन्स लीगचा. बेरजेला त्या देशाच्या सहभागी क्लबांच्या संख्येने भागतात. बोनस गुण वरच्या स्पर्धेत जास्त आहेत हे खरं. पण मधल्या फळीतल्या देशाला विजय मिळवायची जागा हीच. २०२४-२५ मध्ये लेगिया वॉर्सा आणि यागिएलोनिया हे दोन पोलिश क्लब उपांत्यपूर्व फेरीत होते. लेगियाने घरी ०-३ हरल्यावर स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सीला २-१ ने हरवलं. लढत गेलेलीच होती, तरी ते दोन गुण पोलंडच्या खात्यात जमा झाले. ‘आता काय उपयोग’ असं म्हणून राखीव संघ उतरवणाऱ्यांनी हा सामना आठवावा.

मोठे क्लब कसे वागतात

ऑक्टोबर २०२१ मध्ये रोमाचे तेव्हाचे प्रशिक्षक जोझे मोरीन्यो यांनी अर्धाअधिक नेहमीचा संघ विश्रांतीला ठेवून नॉर्वेच्या बोडो/ग्लिम्टच्या कृत्रिम मैदानावर राखीव संघ उतरवला आणि ६-१ असा पराभव घेऊन परतले. त्यानंतर त्यांनी या स्पर्धेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. एप्रिलमध्ये तोच प्रतिस्पर्धी उपांत्यपूर्व फेरीत आला, पहिला सामना २-१ ने जिंकला, आणि रोममध्ये ४-० ने हरला. लेस्टरविरुद्धच्या उपांत्य सामन्याला ऑलिंपिको मैदानावर साठ हजारांहून जास्त लोक होते. तिरानातल्या अंतिम सामन्यात फेयेनूर्डवर १-० विजय मिळाला तेव्हा मोरीन्यो रडले. स्पर्धेला पहिल्याच वर्षी लोकांच्या मनात स्थान मिळालं ते या एका क्लबामुळे.

चेल्सीची पद्धत वेगळी. २०२४-२५ च्या लीग टप्प्यासाठी दिलेल्या यादीत त्यांनी आपला हुकमी आक्रमक कोल पामरचं नावच घातलं नाही. मुख्य यादी २५ जणांची, त्यात आठ जागा स्थानिक पातळीवर घडलेल्या खेळाडूंना राखीव. कमी वयाचे, क्लबात वाढलेले खेळाडू दुसऱ्या यादीत कितीही. बाद फेऱ्यांआधी नवी नावं घालण्याची मुभा असते. चेल्सीने शरदातले सामने दुसऱ्या फळीने काढले, डिसेंबरमध्ये अल्माटीला पाच हजारांहून जास्त किलोमीटर प्रवास करून कडाक्याच्या थंडीत अस्ताना या क्लबाला हरवायला तरुण पोरं पाठवली, सहाही सामने जिंकले, २६ गोल केले. बाद फेऱ्यांसाठी पामरचं नाव यादीत आलं. व्रोत्स्वाफमधल्या अंतिम सामन्यात स्पेनचं बेटिस मध्यंतराला १-० ने पुढे होतं. उत्तरार्धात पामरने उजवीकडून टाकलेल्या चेंडूवर एन्झो फर्नांडेझने डोक्याने बरोबरी केली, पाच मिनिटांनी पुन्हा पामरच्याच पासवर निकोलस जॅक्सनने आघाडी दिली. शेवटी ४-१. नियमात काही चुकलं नाही. पण ज्या क्लबाची दुसरी फळीही सहापैकी सहा जिंकते त्याची जागा या स्पर्धेत आहे का, हा प्रश्न युएफाला टाळता येणार नाही. तोच हंगाम बेटिसने मधल्या बाद फेरीतून, गेंटला हरवून, अंतिम सामन्यापर्यंत नेला होता, हे इथे नोंदवायलाच हवं.

अंतिम सामन्यांची मैदानं हा आणखी एक कच्चा दुवा. तिरानाचं मैदान वीस हजारांच्या आसपासचं. २०२३ चं प्रागमधलं त्याहून लहान, आणि तिथे आलेल्या इंग्लंडच्या वेस्ट हॅमचं स्वतःचं मैदान साठ हजारांचं. क्लबाला १९८० नंतरचा पहिला मोठा करंडक मिळण्याची शक्यता, आणि तिकिटं मोजकी. हजारो लोक तिकिटाविना प्रागच्या चौकांत उभे राहिले. सामन्यात प्रेक्षकांतून भिरकावलेला पेला फिओरेंटिनाचा कर्णधार क्रिस्टियानो बिरागीच्या डोक्याला लागला, रक्त वाहिलं, तो पट्टी बांधून खेळत राहिला. नव्वदाव्या मिनिटाला १-१ असताना लुकास पाकेताने मध्यावरून एकच पास बचावाच्या मधून सोडला. जॅरड बोवेन ऑफसाइडची रेषा सांभाळून धावला, पहिल्या स्पर्शात चेंडू पुढ्यात घेतला आणि डाव्या पायाने गोलरक्षकाच्या बाजूने आत सरकवला. लीगमध्ये चौदावा आलेला क्लब त्या गोलावर पुढच्या वर्षी युरोपा लीगमध्ये गेला. २०२४ ला अथेन्समध्ये बत्तीस हजारांच्या आसपासचं मैदान मिळालं, २०२५ ला व्रोत्स्वाफमध्ये चाळीस हजारांहून मोठं. ही दिशा योग्य आहे. वीस हजारांच्या मैदानाकडे पुन्हा वळू नये.

पाहायला बसणाऱ्यांसाठी काही सूचना. लीग टप्प्याच्या शेवटच्या गुरुवारी अठराही सामने एकाच वेळी सुरू होतात. एकच सामना धरून बसू नका, थेट तक्ता उघडा ठेवा आणि तीनच रेषांवर नजर ठेवा : आठ, सोळा आणि चोवीस. आदल्या रात्री सातव्या ते अकराव्या आणि बाविसाव्या ते सत्ताविसाव्या स्थानांवरच्या संघांचे गुण, गोलफरक आणि केलेले गोल कागदावर उतरवून घ्या. पहिल्या तासात तक्ता इतक्यांदा हलतो की त्याकडे लक्ष देण्यात अर्थ नसतो. पंचाहत्तराव्या मिनिटाला कागद हातात घ्या. ज्या दोन सामन्यांत एका गोलाने चोविसावं स्थान बदलणार असेल ते दोनच लावा. हरत असलेला संघ अचानक बचाव करू लागला, किंवा बरोबरीत असलेला संघ कॉर्नरसाठी गोलरक्षकाला पुढे पाठवू लागला, तर त्याचं कारण त्या मैदानावर नसतं. ते हजार किलोमीटर दूरच्या दुसऱ्या मैदानावर नुकत्याच झालेल्या गोलात असतं, आणि ती बातमी खेळाडूंना राखीव बाकावरून हातवारे करून सांगितलेली तुम्हाला पडद्यावर दिसते.